पाकीट फोडू नका

प्रिती विहारात शिरली तेव्हा हितेंद्रकाकांच्या हातात तिसरं पाकीट होतं. पौर्णिमेची वंदना नुकतीच संपली होती. काका विहाराचे सेक्रेटरी. दानाच्या पाकिटावरचं नाव माइकवर पुकारायचं, सगळ्यांच्या ‘साधु, साधु, साधु’ची वाट बघायची आणि मग पेनाच्या टोकानं पाकीट फोडून रक्कम वाचायची, ही त्यांची आवडती कामगिरी. घाई म्हणजे काय ते त्यांना माहीतच नव्हतं. आज पहिल्यांदाच प्रितीला त्याचं बरं वाटलं.

तिचं पाकीट ताटात सगळ्यात खाली होतं. निळं, चिकटपट्टी लावलेलं, अजून बंद.

वडाळ्याच्या मैदानावर आज दुपारी ती दुसरी आली होती. खेळ डिस्क गोल्फ. लांबून तबकडी फेकायची आणि कमीत कमी फेकींत साखळ्यांच्या टोपलीत पाडायची. बायकांचा एकच गट होता आणि त्यात बक्षीस रोख. ते नाकारायचं हे तिनं आधीच ठरवलं होतं. रोख घेतलं की खेळाडू प्रो झाला, आणि प्रोला हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेत कोण उभं करणार? त्या स्पर्धेसाठी तिची निवड झाली होती. पण नाव पुकारलं तेव्हा ती सुजलेल्या घोट्याला बर्फ लावून तंबूत बसली होती, आणि तिच्या वतीनं तिचे बाबा, बुधाजी, छाती काढून मंचावर गेले. पाकीट घेतलं आणि वंदना चुकू नये म्हणून थेट परळ गाठलं. फोन बंद. विहारात ते नेहमीच बंद ठेवत.

“बंद पाकीट परत आण,” आयोजक शंतनु तिला म्हणाला होता. “म्हणजे तू घेतलंच नाहीस. फुटलं, तर माझ्या हातात काही नाही, प्रिती. सातला मी निकाल पाठवतोय.”

आता सहा वाजून गेले होते. पांढऱ्या साड्यांमधून वाट काढत, लंगडत ती पहिल्या रांगेपर्यंत आली, तोवर ताटातली पाकिटं संपत आली होती. बुधाजी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात ताठ बसले होते. ती त्यांच्या शेजारी टेकली.

“बाबा, ते पाकीट परत पाहिजे. निळं. आत्ता.”

बुधाजी हसले. “अगं, पहिली कमाई आहे तुझी. पहिली कमाई कोण घरात ठेवतं? विहारात द्यायची असते. मी तर बघितलं पण नाही आत किती आहे ते.”

“नाही बघितलं तेच बरं केलंत. ते फोडलं ना, तर ती बाहेरची मॅच गेली माझी. घेणारच नाहीत मला.”

“हळू बोल. दिलेलं दान परत मागतात काय?”

“बाबा, हात जोडते तुमच्यापुढे.”

बुधाजींनी मान वळवून समोर बघितलं, कारण समोर तिचंच नाव निघालं होतं.

“आयुष्मती प्रिती, आपल्या बुधाजींची कन्या! हिच्या पहिल्या कमाईचं धम्मदान!”

साधु, साधु, साधु. पेनाचं टोक पाकिटाच्या कोपऱ्यात शिरलं.

“काका, फोडू नका!”

माइकशिवायच तिचा आवाज मागच्या भिंतीवर जाऊन आदळला. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. प्रितीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तरी पुढे केलेला हात तिनं मागे घेतला नाही.

बुधाजी तिच्याकडे वळले. मग अगदी हळू त्यांनी विचारलं, “म्हणजे हे पैसे घेतले तर काढून टाकतील तुला?”

“हो. तसंच.”

तसं नव्हतं, पण समजावत बसायला वेळ कुठे होता?

बुधाजींना मात्र तेवढ्यात आपल्या परीनं सगळं कळलं. परळच्याच एका इस्पितळात त्यांनी उभी हयात बदली कामगार म्हणून, रजेवरच्यांच्या जागी राबत काढली होती. आज लागेल, उद्या लागेल करता करता वय उलटून गेलं आणि पर्मनंटमध्ये नाव काही लागलं नाही.

गुडघ्यावर हात टेकून ते उठले आणि व्यासपीठावर चढले. हितेंद्रकाकांच्या हातून त्यांनी पाकीट काढून घेतलं. कोपरा जरासा उचकटला होता. तो त्यांनी अंगठ्यानं दाबून दाबून बसवला. एवढ्यावर खाली उतरता आलं असतं, पण चार माणसांत दान परत घेतलं होतं, कारण सांगणं भाग होतं. त्यांनी माइक ओढला.

“माफ करा मंडळी. माझ्याकडनंच घाई झाली. पोरीला अजून पर्मनंट केलेलं नाही.”

मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कमलाबाई म्हणाल्या, “होईल रे बुधाजी, पोरगी तुझी गुणाची आहे.”

प्रितीला ओरडून सांगावंसं वाटलं की असं नाही, असं नाहीच आहे हे. पण दोन्ही हातांनी पाकीट पुढे करून बुधाजी खाली येऊन समोर उभे होते.

“पळ,” ते म्हणाले. “आणि त्या साहेबांसमोर आत्तासारखा आवाज चढवू नकोस. मी एकदा चढवला होता.”