सुरंगीची वेलबुट्टी

"खलास," एवढंच म्हणून रुवीतल्या कॉम्प्युटरवाल्याने बंद पडलेली हार्ड डिस्क परत दिली होती. आता ती दार्सैतच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर पडली होती, आणि अलीमियाँ तिच्यासमोर मयतीच्या घरी बसावं तसे बसले होते.

डिस्कबरोबर सुरंगीची वेलबुट्टी गेली होती. अलीमियाँचं इथेच आखातात, वादी कबीरला, एम्ब्रॉयडरीचं दुकान. अरबी बायकांच्या अबायांच्या बाह्यांवर ते मशीनने भरतकाम करून देत, आणि ही वेल म्हणजे दुकानाची शान. त्यांच्या आईने, हलिमाबींनी, गावी हर्णैला असताना ती एका ओढणीवर हाताने भरली होती. ओढणी कधीच विरून गेली. त्याआधी अलीमियाँच्या बायकोने, गुलबानूने, ती बघून बघून कॉम्प्युटरवर काढली, म्हणून उरली. तिसऱ्या पानाच्या वळणावर धागा दर वेळी तुटायचा. अलीमियाँ मशीन थांबवून हाताने गाठ मारत आणि त्यालाही दुकानाचं गुपित म्हणत. पुढच्या महिन्यात त्यांच्या लेकीचा, झरीनचा निकाह होता. तिच्या ओढणीवर दादीची वेल असणार, हे साऱ्या गोतावळ्याला सांगून झालं होतं.

दुसरी कॉपी नव्हती. असणार कुठून? पेन ड्राइव्हला दुकानात बंदी. गिऱ्हाइकाने मोबाइल वर केला तरी अलीमियाँ हात आडवा घालत. गुलबानूच्या लॅपटॉपवरची फाइलसुद्धा त्यांनी समोर बसून पुसायला लावली होती. आपली चीज आपल्या कुलपात बरी, हा त्यांचा नेम.

माणूस तसा चिक्कू नव्हता हं. दुकानाबाहेर त्यांनी आईच्या नावे थंड पाण्याचा कूलर बसवला होता. हर्णैला त्यांच्या घरची विहीर मचूळ. हलिमाबींनी जन्मभर शेजारच्या विहिरीवरून गोडं पाणी आणलं, आणि त्या घराने कधी नाही म्हटलं नाही. त्याची ही फेड. कूलरवर अरबी पाटी होती, आणि तिच्याखाली अलीमियाँनी गुलबानूकडून मराठीत लिहून घेतलं होतं: 'हलिमाबींच्या नावे. कोणीही प्यावं.' भर उन्हात टॅक्सीवालेसुद्धा तिथे थांबून ग्लासभर पिऊन जात.

झरीन सोफ्यावर मोबाइल घेऊन बसली होती. नेटवर लोक आपली डिझाइनं सगळ्यांसाठी ठेवतात, त्यातलं जवळपासचं एखादं घेऊ, असं तिचं म्हणणं. अलीमियाँ फिसकारले. फुकट ते पौष्टिक हे खाण्यापुरतं ठीक. फुकटचं डिझाइन म्हणजे कुणीतरी टाकून दिलेलं. गुलबानू आत घावणे काढत होती.

"अब्बा," झरीन म्हणाली, "हे बघा ना. सेम आहे."

सेमच होती. तीच वेल, तीच चार पाकळ्यांची फुलं, आणि देठापाशी हलिमाबींच्या हातून चुकून पडलेली जादा पाकळीही तीच. खाली देशोदेशीच्या बायकांनी फोटो टाकले होते. कुणी ती उशीवर भरली होती, कुणी बाळाच्या टोपड्यावर. अलीमियाँचे डोळे आनंदाने भरून आले, आणि लगेच रागाने कान तापले. म्हणजे चोरी झाली होती. पेन ड्राइव्हला बंदी घालूनही झाली होती. त्यांनी झरीनला आधी चोराचं नाव वाचायला सांगितलं.

झरीनचं मराठी वाचन स्कूल बसमध्येच कुठेतरी राहून गेलेलं. ती एकेक अक्षर लावू लागली. "नाव नाहीये. मराठीत काहीतरी लिहिलंय. हलि... हलिमाबींच्या नावे. कोणीही... प्यावं." ती थांबली. "प्यावं म्हणजे ड्रिंक ना, अब्बा? डिझाइन कसं प्यायचं?"

आतून घावण करपल्याचा वास आला.

गुलबानू ओढणीला हात पुशीत दारात येऊन उभी राहिली. ज्या प्रोग्रॅमवर तिने वेल काढली, तो कुणाकुणा लोकांनी मिळून बनवून सगळ्यांना मोकळा ठेवलेला. तो चालवायचा कसा, हेही व्हिडिओ करून शिकवणारे तसलेच, ना ओळख ना पाळख. इतक्या जणांच्या विहिरीवरून पाणी भरल्यावर आपणही एक घागर ओतावी, असं तिच्या मनात आलं. फाइल पुसायच्या आधीच तिने ती नेटवर ठेवून दिली होती.

"कोणी वापरायचं, असं विचारलं होतं त्यात," ती म्हणाली. "मला दुसरं काय सुचेना. कूलरवर तुम्ही लिवून घेतलेलं, तेच लिवलं."

रागवायचं तर कुणावर, ते अलीमियाँना कळेना. मग ते उठले, चपला घातल्या आणि दोघींना घेऊन दुकानात आले. झरीनने फाइल मशीनवर चढवली, लाल ओढणी ताणून बसवली. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्याचं वळण आलं तसा अलीमियाँचा हात सवयीने बटणावर गेला.

धागा तुटला नाही. सुई वळण घेऊन सरळ पुढे गेली.

झरीनने मोबाइलवर पाहून सांगितलं, की इंडोनेशियातल्या एका बाईने तेवढे टाके दुरुस्त केलेत आणि पुन्हा सगळ्यांसाठी ठेवलेत. आभार मानायचे तर तिथेच लिहिता येईल. काय लिहू?

अलीमियाँनी बटणावरचा हात काढून घेतला.

"लिही," ते म्हणाले, "पाणी गोडं झालं म्हणावं."