गाडीतली टकटक

“गाडीत आवाज नाहीच मुळी. एवढं एक वाक्य बोला, की मी निघाले,” ती मिस्त्रीला म्हणाली.

मिस्त्री तोवर डिकीत डोकं घालून उभा होता. आवाज शोधायचा तर आधी गाडी रिकामी करायची, ही त्याची पद्धत. त्याने जॅक काढला, छत्री काढली आणि शेवटी एक गच्च भरलेली बॅग काढून बाकावर ठेवली.

“गावाला निघालात वाटतं, वहिनी?”

“ते तुमच्यावर आहे.”

बॅगेत तिचे आठवड्याभराचे कपडे होते. आवाज खोटा निघाला, की इथूनच भावाकडे जायचं, असं ठरवून ती घराबाहेर पडली होती. गॅरेजपर्यंतच्या नव्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी गप्पच आली होती. दीड महिना नवऱ्याचं एकच रडगाणं चाललं होतं. गाडीत टकटक होते. गॅरेजला गेलो होतो, म्हणून उशीर झाला. आणि दर रविवारी ती त्याच गाडीत त्याच्या शेजारी बसून बाजारात जायची, तर गाडी चूं करायची नाही. “थांब, आता येईल बघ,” तो कान टवकारून म्हणायचा. काही यायचं नाही. खोटं बोलायचं तर माणसाने जरा नीट तरी बोलावं!

दीड महिन्यापूर्वीच त्याच्या ऑफिसात एक नवी बाई आली होती. “तिचं घर आपल्याच रस्त्यावर आहे,” असं तो जेवता जेवता सहज बोलून गेला. त्याने घास गिळला, हिच्या घशात अडकला. तेव्हापासून ती बाई हिच्या डोक्यात भाडं न देता राहत होती. हिने तिला पाहिलं नव्हतं, पण सगळं ठाऊक होतं. केस लांब. हसणं बारीक. आणि पायही लांब, कारण गाडीतली शेजारची सीट तीनदा पार मागे सरकवलेली सापडली होती.

“सीट कुणी मागे केली?” तिने विचारलं होतं.

“मिस्त्रीने.”

सगळं आपलं मिस्त्रीवर!

मिस्त्री डिकीतून बाहेर येऊन ताठ उभा राहिला, तेव्हा वर टांगलेल्या दिव्याला त्याचं डोकं लागलं. ताडमाड माणूस. तिने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. एवढा राग शिजवून आणला होता, तो असा दारातच कसा सांडायचा?

“खरं सांगू वहिनी?” तो म्हणाला. “साहेबांबरोबर चार फेऱ्या मारल्या. ते चालवणार, मी शेजारी पट्टा बांधून. तुमचे साहेब शेजारच्याने पट्टा लावल्याशिवाय किल्लीच फिरवत नाहीत. डॅशबोर्ड उघडला, दारं उघडली. मला काही आवाज ऐकू आला नाही.”

“बघा!” तिचे डोळे चमकले आणि लगेच भरून आले. जिंकून पदरात काय पडलं, ते तिला तेव्हाच कळलं.

“पण साहेब खोटं बोलणाऱ्यातले वाटत नाहीत हो. एक फेरी तुम्ही चालवा. मी ऐकतो.”

तो पुढचं दार उघडायला गेला.

“मागे बसा,” ती खेकसली. त्या सीटवर आता कुणीही बसलेलं तिला खपणार नव्हतं.

मिस्त्री पाय दुमडून मागे बसला. गल्ली संपली. खडबडीत रस्ता लागला.

टक्. मग टक् टक् टक्.

मिस्त्रीने मागून हात लांब केला आणि शेजारच्या सीटच्या पट्ट्याची कडी चिमटीत धरली. आवाज बंद. सोडली. टक् टक्.

त्याने कपाळावर हात मारला. “माझी अक्कल बघा वहिनी! पट्टा मोकळा लोंबतोय आणि कडी दारालगतच्या प्लास्टिकवर आपटतेय. आणि मी शहाणा दर वेळी तोच पट्टा अंगाला बांधून आवाज शोधतोय. शेजारी कुणी बसलं, पट्टा लावला, की ही गप्प. सीट रिकामी असली तरच वाजते.”

तिने गाडी कडेला घेतली.

“काय म्हणालात? परत सांगा.”

“सीट रिकामी असली तरच वाजते.”

“तरच?”

“तरच. त्या पुढच्या कप्प्यात कागद असेल बघा. गाडी कधी वाजते, कधी नाही, ते रोजच्या रोज लिहायला लावलं होतं मी साहेबांना. सगळ्याच गिऱ्हाइकांना लावतो. बाकीचे दोन दिवसांत कंटाळतात.”

हा कंटाळला नव्हता. नवऱ्याचं मुंगीसारखं अक्षर, पाच आठवड्यांचं. ती एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेली. सोमवार, जाताना वाजली, येताना वाजली. मंगळवार, जाताना वाजली, येताना वाजली. शुक्रवार, येताना फार वाजली, डोकं उठलं. एकही संध्याकाळ सुटली नव्हती. फक्त रविवारपुढे प्रत्येक वेळी लिहिलं होतं, नाही.

रविवारी शेजारी ती असायची.

लांब केसांची, लांब पायांची ती बाई त्या कागदावर कुठेच बसलेली नव्हती.

मिस्त्रीने तोवर खिशातून काळ्या फेल्टची पट्टी काढली होती. “पाच मिनिटांचं काम. कडीच्या मागे ही चिकटवली, की जन्मात वाजायची नाही.”

तिने डोळे पुसले, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये नीट ठेवली.

“खबरदार पट्टी लावाल तर,” ती म्हणाली.