निर्जळी

धुरपदाबाईंनी साबुदाण्याची ताटली हातानं मागे सारली आणि मंदा आयाच्या तोंडावर कौतुक पसरलं.

"पाणी पण नाही? म्हणजे निर्जळी एकादशी! धन्य हो माजी."

आज एकादशी आहे, हे धुरपदाबाईंना मंदाच्या तोंडूनच कळलं. पोट कापसाच्या पोत्यासारखं तटतटलं होतं. कितीतरी दिवसांत आतलं काही बाहेर पडलं नव्हतं. सकाळी हिरवं ओकल्या, तर "पित्त असेल" म्हणत मंदानं चादर बदलली. पाणी त्यांनी मागेच तोडलं होतं. प्यायलं की संडासला न्यायला हाक मारावी लागे, आणि वृद्धाश्रमाच्या वरच्या मजल्याला मंदा एकटी. "कमी प्या ना माजी, मला काय चार हात आहेत?" असं ती एकदा म्हणाली होती. पोरगी वाईट नव्हती. त्यांनी तिचं ऐकलं.

डॉक्टर दारातूनच "केम छो माजी?" विचारायचा. परक्या पुरुषाला असलं काय सांगायचं! "बरं आहे" म्हणायच्या. घरचं म्हणावं तर सुरतेत प्लेग आला तेव्हा त्या धास्तीनं मुलगा भिकन आईला इथे ठेवून, शहर सोडून बायकापोरांसकट खानदेशात गावी पळालेला. तो माघारी आलाच नव्हता.

दुपारी त्यांना खुर्चीसकट खाली हॉलमध्ये उतरवलं. कीर्तन होतं. सुरतेतल्याच उधन्याच्या कापडाच्या लूम कारखान्यातल्या मंडळींनी अमळनेरचे बुवा आणले होते, बाहेरची माणसंही दाटीवाटीनं बसली होती. मंदा ट्रस्टी मगनभाईंच्या कानाला लागली आणि मगनभाई बुवांच्या.

कीर्तन म्हणजे धुरपदाबाईंचा जीव की प्राण. टाळ वाजला की सगळं दुखणं विसरायच्या. आज विसरेनात. बुवा द्रौपदीचं आख्यान रंगवत होते, आणि गळा तरी काय गोड! "जोवर तिनं पदर मुठीत धरला होता, तोवर देव थांबला होता हो! दोन्ही हात सोडले, हाक मारली, आणि तो भरल्या ताटावरून उठला!"

हे आपल्यालाच सांगताहेत, असं धुरपदाबाईंना वाटलं. मग लाज कशाला धरायची? जेवढा आवाज उरला होता, तेवढा गोळा करून भरल्या सभेत त्या म्हणाल्या, "बुवा, मन्हं पोट चालत नही. कितला दिन व्हई ग्यात. मरी जासू मी."

टाळ थांबले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. बुवा खानदेशातलेच, त्यांना शब्दन्‌शब्द कळला. ते उतरून आले, समोर गुडघे टेकून बसले. धुरपदाबाईंच्या जिवात जीव आला.

"माय, निर्जळी उपासात होतं असं," बुवा मायेनं म्हणाले. "उद्या बारस सोडली की मोकळं वाटेल."

"मन्हा उपास नही शे, बुवा."

बुवांचे डोळे भरून आले. ते सभेकडे वळले. "ऐकलंत? एवढं कडक व्रत, पण 'मी केलं' म्हणायला तयार नाही! असा निगर्वीपणा हवा, मंडळी." आणि त्यांनी धुरपदाबाईंच्या पायांवर डोकं ठेवलं.

मग काय, रांगच लागली. एकेक जण वाकत होता, पायांना हात लावत होता, पुढे सरकत होता. वर चेहऱ्याकडे बघायला कुणी थांबत नव्हतं. एका बाईचा हात धुरपदाबाईंनी धरून ठेवला, ओढला आणि आपल्या पोटावर दाबला. पोट दगडासारखं लागलं असणार. बाई थबकली, गहिवरली. हात अलगद सोडवून घेऊन तिनं तो आपल्या कपाळाला लावला.

तिच्या मागचीनं पायांना हात लावलाच नाही. ती सरळ पोटाशी वाकली आणि तिनं तिथेच कपाळ टेकवलं.