सात डबे आत, आठ बाहेर

"सांगून कुणाला खरं वाटणार न्हाई, पावणं," गेणभाऊ म्हणाला, "पर जुन्नर तालुक्यातली पहिली रेल्वे माझ्या तोंडातनं निघाली."

शिनोलीहून आलेले पाहुणे हसले. राजुरीत दादाभाऊच्या कांद्याच्या चाळीत ते उभे होते. चाळीत कांदा एकही नव्हता. धूळ येऊ नये म्हणून फटींना पोती ठोकलेली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत कमरेएवढ्या उंचीच्या फळ्यांवर अख्खा मुलूख मांडलेला: घाट, पूल, स्टेशन, केळीची बाग. रूळ छत्रीच्या काड्यांचे. सिग्नल मोटरसायकलच्या ब्रेकच्या वायरीवर हलणारा. इंजिनाच्या पोटात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. शेतीतून उरलेल्या वेळात, चाळीस वर्षं खपून, दादाभाऊने हे एकट्याने उभं केलं होतं.

"आता बोगदा बघा. डबे मोजा," गेणभाऊ म्हणाला.

गाडी आत गेली. पाहुण्यांनी बोटांवर सात मोजले. पलीकडून बाहेर आली तेव्हा आठ भरले. एक पाहुणा फळीखाली वाकून बघून आला. दादाभाऊ बटणांपाशी उभा राहून गालात हसत होता. बोलायचं काम त्याने लहानपणापासून गेणभाऊवर सोपवलं होतं.

"सहाव्या भागात असंच झालं व्हतं. आठवा डबा कुठनं आला, त्ये स्टेशनमास्तरला बी कळलं न्हाई."

ती आगगाडीची हिंदी मालिका होती, रविवारी सकाळी लागायची. गावाबाहेर पाटाच्या कडेला शाळेचे एक मास्तर राहायचे, त्यांच्याकडे टीव्ही होता. मास्तर पोरांना उंबऱ्याच्या आत घेत नसत. फक्त गेणूला घेत, कारण त्यांचा दुधाचा रतीब तो घालायचा. दादाभाऊच्या नशिबी नेमकी रविवारची पाण्याची पाळी. तो पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यात फिरवत राही, आणि मग गेणू येऊन बांधावर बसे आणि अख्खा भाग सांगे. गार्डाच्या डब्यात व्यालेली म्हैस. चुकीच्या गाडीत चढून भलत्याच नवरीच्या दारात उतरलेलं वऱ्हाड. दादाभाऊ फावडं टेकून ऐकायचा. पाणी बांध फोडून शेजारच्याच्या रानात जायचं, तरी हलायचा नाही.

ते सगळं आता या फळ्यांवर होतं. म्हैस होती, तिचं तांदळाएवढं रेडकू होतं, वऱ्हाडातल्या म्हातारीच्या नाकात नथही होती. गेणभाऊ रोज एकदा तरी येऊन बघायचा आणि रोज त्याला वाटायचं, हे हात कुठल्या मातीचे आहेत?

एक गोष्ट तेवढी त्याला उमजत नसे. पुलापलीकडे, अगदी कोपऱ्यात, एक एकटं घर होतं. पायरीवर नखाएवढा पोरगा, त्याच्या शेजारी एक पांढरा ठिपका. हे कुठल्या भागातलं? विचारायची सोय नव्हती. इतकं सांगितलं होतं, त्यात कधीतरी हेही सांगितलं असणार.

दारात नूतन उभी राहिली. दादाभाऊची लेक, पुण्याहून एसटीने आलेली, खांद्याला लॅपटॉपची बॅग.

"अप्पा, तुमची मालिका सापडली. तेराच्या तेरा भाग. आज पाहुण्यांबरोबरच बघू."

पहिले दोन सोडले, तर त्यातला एकही भाग गेणभाऊने पाहिलेला नव्हता.

दादाभाऊची उमर या फळ्यांवर गेली होती. ज्यासाठी गेली, तसलं काही मालिकेत नव्हतंच, हे आज चार माणसांत उघडं पडलं, तर हा माणूस उद्या रुळाला हात लावील? आणि आपल्याला दारात उभं करील?

"आलोच," म्हणून गेणभाऊ बाहेर गेला आणि त्याने चाळीचा फ्यूज काढून खिशात घातला.

गाडी बोगद्यात थांबली. आत अंधारलं.

"गेली वाटतं लाइट," तो आत येत म्हणाला. "आता काय दिसतंय. पुन्हा कवातरी बघू."

"काही अडत नाही, काका. याला बॅटरी आहे," नूतन म्हणाली. "सहावाच लावते."

सगळे वाकून बघू लागले. उघडं माळरान, एक स्टेशन. स्टेशनमास्तर आपल्या मुलीला पत्र लिहीत बसलेला. पाऊण वेळ तो लिहीतच होता. गाडी एकदा आली, एकदा गेली. मधे ना बोगदा, ना म्हैस. भाग संपला.

"आठवा डबा कुठाय, गेणभाऊ?" शिनोलीच्या पाहुण्याने विचारलं.

नूतन गेणभाऊकडे बघत राहिली. दादाभाऊ कुणाकडेच बघत नव्हता.

"कापलंय त्यांनी," गेणभाऊ म्हणाला. खिशातला फ्यूज त्याने मुठीत घट्ट धरला होता. "तवा दावलेलं आता दावत न्हाईत. टीव्हीवाल्यांचं असंच असतंय. आरं, मास्तरांच्या टीव्हीम्होरं मांडी घालून ह्या डोळ्यांनी बघितलंय मी. एक बी रविवार चुकला न्हाई."

दादाभाऊने फळीखालचा टॉर्च घेतला आणि पुलापलीकडच्या कोपऱ्यात गेला. उजेड त्या एकट्या घरावर पडला. पोराच्या शेजारचा पांढरा ठिपका म्हणजे दुधाची किटली होती, झाकणासकट. दादाभाऊने उजेड जरा वर नेला. दाराला मोहरीएवढं पितळी कुलूप होतं.

"एक बी रविवार चुकला न्हाईस, हे खरंय," तो म्हणाला. "पर तिसऱ्या रविवारपास्नं मास्तर जुन्नरला जायला लागलं व्हतं, गेण्या. आमच्या पाटावरनं ही पायरी सरळ दिसायची."