दुरुस्ती

बातांगासच्या चर्चमधून आजीच्या लग्नाची नोंद काढून आणली आणि दालिसायचं डोकंच फिरलं. "आजी, तुझ्या वडिलांच्या जागी शेजारच्या सुताराचं नाव! उद्याच दुरुस्त करून आणते."

केळीच्या पानात भात बांधता बांधता आजी हसली. "चूक नाही गं ती. त्याच वर्षी ताईचं लग्न झालं होतं. एका वर्षात दोन सख्ख्या बहिणी उजवल्या तर संसार बुडतो ना! म्हणून आईने पाद्रीबाबांना सांगितलं, ही शेजाऱ्याची लेक."

"म्हणजे धडधडीत खोटं!"

"आम्हीही तेच समजायचो." आजीने पानाची गाठ आवळली. "मरताना आई म्हणाली, तेवढाच एक कागद खरा. आता तुला कागद दुरुस्त करायचेच असतील, तर बाकीचे कर."