तिसरी हाक

धुकं इतकं दाट होतं की ठकूला दारातली मेंढरंही दिसत नव्हती. मघाशी वर कड्याकडे मोठा आवाज झाला होता. "दरड आली असंल," असं म्हणून तिचा नवरा पुन्हा चुलीपाशी बसला.

तेवढ्यात वरून हाक आली. "कोणी आहे का?"

ठकू उठली, तसा नवऱ्याने तिचा हात धरला. "ओ देऊ नगं. धुक्यात चकवा दोनदाच हाक मारतो. माणूस असंल तर तिसऱ्यांदा मारंल."

दुसरी हाक आली. या खेपेला आवाज बारीक होता. दोघं तिसरीची वाट बघत राहिली. चुलीवरचा चहा आटून गेला.

दुपारी धुकं विरलं तेव्हा कड्याला आपटलेलं छोटं प्रवासी विमान दिसलं. बरंच खाली, त्यांच्या झोपडीकडे येणाऱ्या पाऊलवाटेवर, एक माणूस दगडाला टेकून बसल्या जागी गेला होता. मांडीच्या जखमेवर त्याने टाय आवळून बांधला होता.

पोलिसांनी विचारलं, "काही ऐकू आलं होतं?"

"न्हाई," नवरा म्हणाला.

आता धुकं उतरलं की ठकू दारात उभी राहते आणि कोणी हाक मारायच्या आधीच ओ देते.