बेचक्यापर्यंत

"अठ्ठावीस," धक्क्यावरचा साहेब म्हणाला आणि पट्टी झटकली. "दोन कमी. कायद्यानं तीस सेंटिमीटर लागतात."

"नीट मोजा ना. मी मोजला तेव्हा तर..."

"तू कशानं मोजलास? वितेनं?"

खाकी शर्टाच्या बाहीला हात पुसून त्यानं झिन्झिलेचा शॅड मासा उचलला आणि आपल्या बर्फाच्या पेटीत टाकला. पेटीचं बिजागर तुटलेलं होतं. तिथं पिवळी वायर गुंडाळली होती.

"लहान मासा पाण्यात परत सोडायचा असतो ना?"

"मेलेला सोडून काय करू? अंत्यविधी?"

मासा काही मेलेला नव्हता, पेटीत धडपडत होता. पण साहेबाशी वाद कोण घालणार? मागे एकदा सरांनी डस्टर फेकून मारलं, तर झिन्झिलेनं ते त्याच रस्त्यानं सरांना परत केलं होतं. तेव्हापासून शाळा बंद. या वेळी तिनं दातावर दात दाबले.

अकरा दिवस हेच चाललं होतं. मासेमारीचा परवाना पोस्टात मिळतो, तो काढायला ती तिथं दोन दिवस रांगेत उभी राहिली. तो प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात अडकवला. दिवसाला चारच्या वर मासे घ्यायचे नाहीत, ऑक्टोबर लागला की दोन महिने शॅडला हात लावायचा नाही, सगळं पाठ केलं. सगळं कायद्यानं करायचं ठरवलं, आणि कायदाच रोज तिचा मासा घेऊन जायचा.

घरी गोगोनं, म्हणजे आजीनं, ताट पुढं सरकवलं. मक्याच्या पिठाची मोकळी फुथू, आणि वर तळलेला शॅड. डोकं कापलेला.

ही गोगो डोंगरातली. मासा म्हणजे पाण्यातला साप, असं जन्मभर म्हणत आली. शेजारी मासा शिजला तरी खिडकी लावून घ्यायची. या हिवाळ्यापासून, म्हणजे जूनपासून, काय झालं कुणास ठाऊक, आता रोज मिटक्या मारत खायची. डर्बनचं पाणी लागलं म्हणायचं.

"आज किती आणलेस?" गोगोनं विचारलं.

"कमी भरला. साहेबानं घेतला."

"रोज कमीच भरतो. लोकांना बरे मिळतात."

"विकतच्या माशाचं काय कौतुक?"

जिभेवरचा काटा काढून गोगोनं ताटाच्या कडेला ठेवला आणि चर्चमधलं गाणं गुणगुणायला लागली. कानात मोत्याचे डूल होते. आताशा ती साध्या मंगळवारीही डूल घालायची.

"माझं बोलणं लक्षात आहे ना?" ती म्हणाली. "सप्टेंबर संपायच्या आत एक तरी मासा या टेबलावर ठेव. नाही ठेवलास तर एक तारखेला न्यूकॅसलची बस. तिथली मावशी शिवणकारखान्यात लावते म्हणालीय."

"गोगो, मी शिवणकाम..."

"मग शाळेत जा."

झिन्झिलेनं ताट दूर सारलं. मग पुन्हा ओढलं. भूक होती. आणि मासा चांगला ताजा होता, तेच जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी, तिनं झाडलं नाही, भांडी घासली नाहीत. एरवी घरकाम उरकून धक्क्यावर पोचेपर्यंत दहा वाजायचे. आज उजाडतानाच ती तिथं होती. धक्का माणसांनी भरला होता. एवढी गर्दी इथं असते, हे तिला आजच कळलं.

शेजारी मुनसामी नावाचे एक अंकल बसले होते. डोक्यावर लोकरीची टोपी, मांडीवर चहाचा थर्मास.

"नवी दिसतेस," ते म्हणाले. "आमिष काय लावलंस?"

"तारली."

"अर्धीच लाव. अख्खी लावशील तर शॅड शेपटी खाऊन आभार मानून जाईल."

तिनं अर्धी लावली. चौथ्या फेकीला दोरी ताणली. मासा वर आला तोच मागून मासे तपासणारी एक सरकारी बाई आली. हिरवा गणवेश, छातीवर फोटोचं ओळखपत्र. तिनं परवाना पाहिला आणि मासा पट्टीवर ठेवला.

"बत्तीस. छान आहे. घेऊन जा."

"बत्तीस? पण तुमचे साहेब तर इथवर मोजतात." तिनं शेपटीच्या बेचक्यावर बोट ठेवलं.

बाईनं मान वर केली. "शॅड नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजतात. कोण साहेब?"

"दहानंतर येतात ते. खाकी शर्ट."

"दहानंतर इथं आमची फेरीच नसते. आणि आमच्यात खाकी कुणी घालत नाही."

अंकलनी थर्मासचं झाकण लावलं. "आम्ही नऊला घरी जातो बघ," ते हळूच म्हणाले. "म्हणजे आमच्या मागं कुणीतरी दुकान मांडलंय."

झिन्झिलेच्या कानशिलात रक्त तापलं. अकरा मासे. अकराच्या अकरा बरोबर मापाचे. अकरा रात्री टोमणे खाल्ले, ते या चोरामुळं. बाईनं एका कागदावर नंबर लिहून दिला. "पुन्हा दिसला की लगेच फोन कर. त्याच्याशी भांडत बसू नकोस. आम्ही पोलिसांना घेऊन येतो."

दहाला ती टपून बसली. तो आला नाही. अकरा झाले, बारा झाले. शेवटी तिनं मासा ओल्या गोणपाटात गुंडाळला आणि घरची वाट धरली. हरकत नाही. आज नाही तर उद्या सापडेल. नंबर खिशात होता, मासा हातात होता, आणि न्यूकॅसलची बस आता रिकामी जाणार होती.

दार उघडंच होतं. टेबलावर चर्चच्या सणाचा पांढरा कपडा अंथरला होता. गोगोनं निळा झगा घातला होता. समोरच्या खुर्चीवर कोटातले कोणी पाहुणे पाठमोरे बसले होते.

"आलीस?" गोगो आज वेगळ्याच आवाजात बोलत होती. "हात धू आणि यांना नमस्कार कर. हिवाळाभर माझ्याकडे येतायत, पण तुझी गाठ कधी पडली नाही. शनिवारी आमचं लग्न आहे. एक दिवस रिकाम्या हातानं आले नाहीत हो. मासा खायला मला यांनीच शिकवलं."

झिन्झिलेनं खाली पाहिलं. खुर्चीच्या पायाशी बर्फाची पेटी होती. बिजागराला पिवळी वायर.

गोगोची नजर गोणपाटावर गेली आणि तिचं तोंड हसरं झालं.

"आणलास अखेर? दे इकडे. यांच्याकडे पट्टी असते. किती भरतो ते हेच सांगतील."